सतरा किलो सहाशे

जिमच्या भिंतीवर सरांनी पाच नियम रंगवून घेतले होते. वजनं जागेवर ठेवा. बाक पुसून उठा. फोन बाहेर. वजन आपटू नका. दुसऱ्याची पाळी अडवू नका. हे पाचही नियम पाळणारी माणसं तिथे दोनच होती, काका आणि शिंपी. पाचही मोडणारा एकटा भोंगा होता. बाकीचे सगळे मधले. सर समोर असले की पाळायचे, नसले की सोडून द्यायचे.

काका म्हणजे काटेवाले. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. किराणा दुकानातला छोटा काटा असो की गोदामात जमिनीत बसवलेला मोठा, तो खरं बोलतो की खोटं हे ते दहा मिनिटांत सांगायचे आणि मग कुणी काही म्हटलं तरी त्यात एका ग्रॅमचा बदल करायचे नाहीत. बायको गेल्यावर ते चार महिने घरात बसून राहिले. मग मुलीचा फोन आला. "बाबा, भिंती बघत बसू नका. तुमच्या गल्लीच्या टोकाला जिम आहे, तिथे तुमचं नाव घातलंय. उद्यापासून जायचं म्हणजे जायचं." मुलीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. ते गेले.

तिथे ते व्यायाम कमी आणि आवराआवर जास्त करायचे. कुणी बारवर प्लेटा तशाच सोडून गेला की काका उठायचे आणि एक या बाजूची, एक त्या बाजूची असं करत सगळ्या काढून ठेवायचे. एकाच बाजूच्या सगळ्या काढल्या तर बार उलटून तोंडावर येतो, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि काकांना ते फार पटलं होतं. काट्यासारखंच होतं ते.

शिंप्याचं दुकान पलीकडच्या रस्त्यावर होतं. वय चव्वेचाळीस. मशीनवर वाकून वाकून मान पुढे आलेली, खांदे गोल झालेले. त्याला एकच ध्यास लागला होता, शंभर किलो. जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ उभं राहायचं. एकदाच. याला डेडलिफ्ट म्हणतात. बार वीस किलोचा, दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या दोन दोन प्लेटा, झाले शंभर. दोन वर्षं तो त्याच्या मागे होता. पंच्याऐंशीपर्यंत पोचला होता आणि तिथे रुतून बसला होता.

शंभरच का, असं काकांनी त्याला एकदा विचारलं.

"बाबांसाठी," शिंपी म्हणाला. "तुम्हाला माहीत आहेत की आमचे बाबा."

काकांना माहीत होते. शिंप्याचे वडील गोदामात हमालांचे मुकादम होते. पाठीवर क्विंटलचं पोतं घेऊन फळी चढून जायचे, उतरताना शीळ घालायचे. आता अडीच वर्षं ते अंथरुणाला खिळले होते. कमरेखालचं काही हलत नव्हतं, पण तोंड शाबूत होतं. मुलाला ते सुईदोरा म्हणायचे. घरी आलेल्या पाहुण्यासमोर म्हणायचे. हा आमचा सुईदोरा, मी क्विंटल वाहिला, हा बटणं वाहतो.

"एकदा शंभर उचलले की व्हिडिओ दाखवणार त्यांना," शिंपी म्हणाला. "तोंड बंद करणार त्यांचं. म्हणजे बंद नाही हो. एकदा बरं म्हणू देत, बस."

हे बोलणं शेजारच्या बाकावरून भोंग्याने ऐकलं. त्या दिवसापासून जिममध्येही शिंप्याचा सुईदोरा झाला.

भोंगा जागांचा दलाल होता. उंच, रुंद, मानेला तीन घड्या. वजन उचलताना असा ओरडायचा की खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर एकदा वर येऊन विचारून गेले, "इथे काय चालतं? माझे पेशंट खुर्चीवरून उठून जातात." सगळे हसले, सर्वांत मोठ्याने भोंगाच हसला. एक सेट झाला की तो बाकावर बसून फोन लावायचा, तोही स्पीकरवर. "नाही हो साहेब, ओल कसली? भिंतीचा रंगच तसा आहे." शिंपी हातात टॉवेल घेऊन समोर उभा राहायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "तुमचं झालं का?" भोंगा वर न बघता दोन बोटं दाखवायचा. दोन मिनिटं. ती दोन मिनिटं वीस मिनिटं चालायची. शेवटी उठायचा तेव्हा बाकावर त्याच्या घामाचं तळं असायचं. ते शिंपी पुसायचा आणि मग झोपायचा.

जिममध्ये चार जुन्या काळ्या प्लेटा होत्या. सरांनी त्या एका बंद पडलेल्या जिममधून आणल्या होत्या. रंगाचे पोपडे उडालेले, पण वीसचा आकडा ठसठशीत. त्यांची कड जाड होती, बोटं छान बसायची. त्या भोंग्याच्या होत्या, म्हणजे त्याने तसं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणी हात लावला की "ए, माझ्या प्लेटा" म्हणून लांबून ओरडायचा. त्या चार आणि नव्यांतल्या दोन लावून तो एकशे चाळीस उचलायचा, वरून जमिनीवर आपटायचा आणि सगळं तसंच टाकून निघून जायचा. मागे आवरायला काका होतेच.

असंच एकदा आवरताना काकांच्या डाव्या हातात नवी वीसची प्लेट होती आणि उजव्या हातात जुनी. ते थांबले. पुन्हा दोन्ही उचलून बघितल्या. हात बदलून बघितल्या. चाळीस वर्षांचे हात होते, त्यांना फसवणं सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जिममध्ये चिटपाखरू नसताना, ते आपला हुकाचा काटा घेऊन आले. सुतळीने बांधून एकेक प्लेट टांगली. नव्या सगळ्या बरोबर वीस. बार बरोबर वीस. जुन्या चार मात्र सतरा सहाशे, सतरा सातशे, सतरा सहाशे, सतरा पाचशे. काकांनी त्या पुसून होत्या तशा लावून ठेवल्या. घरी जाताना ते कितीतरी दिवसांनी शीळ घालत होते. भोंग्याचे एकशे चाळीस हे एकशे चाळीस नव्हते. ते त्यांच्या खिशात होतं आणि रविवारी सकाळी, सगळी जिम भरलेली असताना, ते बाहेर काढायचं होतं. मधले दोन दिवस त्यांना बाहेरगावी कामाला जायचं होतं, म्हणून रविवार.

रविवारी काका पिशवीत काटा घेऊन दारात आले तर शिंपी मिठाईचा पुडा घेऊन उभा. डोळे सुजलेले, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा टी-शर्ट.

"काका, झाले! काल झाले!"

"काय झालं?"

"शंभर! तुम्ही नेमके नव्हता हो. घ्या, आधी तोंड गोड करा." त्याने काकांच्या हातात पुडा कोंबला आणि दुसऱ्या हाताने फोन काढला. "हे बघा. सरांनी काढलाय व्हिडिओ. बाबांनी सतरा वेळा बघितला. शेजारच्यांना बोलावून दाखवला. काय म्हणाले माहितीय? म्हणाले, माझ्या पोराने क्विंटल उचलला. पोराने म्हणाले, काका. सुईदोरा नाही म्हणाले."

काकांनी व्हिडिओ बघितला. बार हलला, गुडघ्याशी अडला, शिंप्याचे पाय थरथरले, मग तो उभा राहिला. पण काकांची नजर प्लेटांवर होती.

"या काळ्या कशा काय मिळाल्या तुला?"

"भोंग्याने दिल्या! स्वतःहून. म्हणाला, घे रे सुईदोऱ्या, माझ्या लकी आहेत. स्वतः लावून दिल्या त्याने. मी उगाच त्याला नावं ठेवत होतो, काका."

सत्तर चारशे अधिक वीस. काकांच्या डोक्यात बेरीज झालीसुद्धा. नव्वद किलो चारशे. ते मिठाई चघळत उभे राहिले. पिशवी खांद्याला लटकत होती. तेव्हाच परत फिरता आलं असतं. पाठ दुखतेय म्हणून सांगितलं असतं तरी कुणी विचारलं नसतं.

ते आत गेले. पिशवी खुंटीला लावली, आपला टॉवेल बाकावर टाकला आणि बाटली भरायला गेले. टॉवेल बायकोचा होता. पिवळा, धुऊन धुऊन विरलेला, कड तिने हाताने शिवलेली. परत आले तर भोंगा त्याच बाकावर पाय ठेवून त्या टॉवेलने बूट पुसत होता. मिठाईचा तुकडा गालात होता.

"तो माझा टॉवेल आहे," काका म्हणाले.

"असू द्या ना काका. धुवायला टाका घरी."

"तो बायकोचा आहे."

"मग काय काकू वरून बघायला येणारेत?" भोंगा म्हणाला आणि आजूबाजूला बघून हसला. दोघं-तिघं हसले. त्यांना काही वाटलं असंही नाही. भोंगा हसला की हसायचं, एवढंच.

काकांनी टॉवेल घेतला, घडी केली, पिशवीत ठेवला आणि पिशवीतून काटा काढला.

"सर, जरा इकडे या. सगळेच या. मला या प्लेटा मोजायच्या आहेत."

"कशाला काका?" सर म्हणाले.

"या खोट्या आहेत."

सगळे गोळा झाले. शिंपीही आला, हातात पुडा तसाच. काकांनी काटा बाकाच्या वरच्या दांड्याला अडकवला, पहिल्यांदा नवी प्लेट टांगली. वीस. "बघा, काटा बरोबर आहे," ते म्हणाले. मग जुनी. काट्यावरचे आकडे जरा नाचले आणि थांबले. सतरा किलो सहाशे. दुसरी. तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी काका आकडा मोठ्याने वाचत होते, दुकानात निरीक्षकासमोर वाचतात तसे.

"म्हणजे माझे एकशे चाळीस..." भोंगा म्हणाला.

"एकशे तीस चारशे," काका म्हणाले. "कधीच नव्हते एकशे चाळीस."

भोंग्याचा चेहरा पडला. खरंच पडला. काकांनी तो नीट बघून घेतला. त्या चेहऱ्यासाठीच तर ते तीन दिवस थांबले होते. पण तो चेहरा फार टिकला नाही. भोंग्याने पाचाच्या दोन प्लेटा उचलून काकांसमोर धरल्या.

"या मोजा."

काकांनी मोजल्या. बरोबर पाच पाच.

भोंग्याने बारवर सगळ्या लावल्या, हाताला खडू चोळला, वाकला, ओरडला आणि उभा राहिला. वरून बार सोडला. जमीन हादरली. खालच्या मजल्यावर कुणीतरी काठीने छत ठोकलं.

"एकशे चाळीस चारशे!" भोंगा म्हणाला. "वरचे चारशे ग्रॅम काकांना बक्षीस!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. आणि टाळ्या थांबता थांबता भोंग्याची नजर शिंप्यावर गेली. काकांना ते दिसलं, पण तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अरेच्चा," भोंगा म्हणाला. "सुईदोऱ्या, मग तुझे किती झाले रे?"

मग तो काकांकडे वळला.

"सांगा की काका. तुम्हाला तोंडपाठ असेल."

"नव्वद चारशे," काका म्हणाले. त्यांनी ते हळू म्हटलं. पण म्हटलं.

"नव्वद! अरे मिठाई कसली वाटतोस? दहा टक्के परत घे सगळ्यांकडून!"

या वेळी मात्र सगळे हसले. सरसुद्धा तोंड फिरवून हसले. शिंप्याने पुडा खिडकीत ठेवला. "आत्ता उचलतो," तो म्हणाला. "त्यात काय. दहाच तर आहेत." सर नको म्हणाले, कालच एवढं केलंयस, कंबर धरेल म्हणाले. त्याने ऐकलं नाही. जुन्या चार आणि पाचाच्या दोन लावल्या. पहिल्यांदा बार जमिनीवरून सुटला आणि गुडघ्याखालीच थांबला. दुसऱ्यांदा जेमतेम सुटला. तिसऱ्यांदा सुटलाच नाही. शिंपी वाकून ओढत राहिला, मानेच्या शिरा फुगल्या, इस्त्रीचा टी-शर्ट पाठीला चिकटला, आणि भोंगा शेजारी गुडघे टेकून त्याच्या कानात ओरडत होता. "उचल! बटणं समजून उचल!"

मग शिंप्याने बार सोडला. पाचाच्या काढल्या, मग काळ्या काढल्या, एक इकडची, एक तिकडची, सगळ्या जागेवर नेऊन ठेवल्या. बाक पुसला, जरी तो त्यावर बसलाही नव्हता.

"काका, मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत," सर म्हणाले. "प्लेटा बदलल्या असत्या गुपचूप."

"खरं ते खरं," काका म्हणाले.

चपलांच्या कप्प्यापाशी शिंपी त्यांची वाट बघत उभा होता.

"काका, बाबा तुम्हाला बोलावतायत. कालपासून म्हणतायत, काटेवाल्याला आण, तो तिथे जातो, त्याच्या तोंडून ऐकायचंय. मी बोलून बसलो होतो की आणतो म्हणून." तो बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झाली तरी बांधत होता. "तुम्ही नुसतं शंभर म्हणा. एकदाच म्हणा. त्यांना कुठे काटा लावून बघायचाय?"

एकदाच म्हणा. हे शब्द काकांनी आधी ऐकले होते. बायकोच्या आजारात डॉक्टरांनी दर रविवारी वजन घ्यायला सांगितलं होतं. काकांनी घरात शंभर ग्रॅमपर्यंत अचूक काटा आणून ठेवला. ती भिंत धरून त्यावर चढायची आणि विचारायची, किती? ते सांगायचे, कागदावर लिहायचे. त्रेपन्न. एकोणपन्नास दोनशे. शेचाळीस. एका रविवारी एक्केचाळीस सहाशे आले. ती म्हणाली, "अहो, पन्नास म्हणा की. एकदाच म्हणा." काका म्हणाले होते, "काटा म्हणत नाही, मी कसं म्हणू?" ती हसली होती. पण पुढच्या रविवारी ती काट्यावर चढली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कागदावरचा शेवटचा आकडा एक्केचाळीस सहाशेच राहिला.

मंगळवारी संध्याकाळी काका शिंप्याच्या घरी गेले. दुकानाच्या मागेच दोन खोल्या होत्या. मुकादम खिडकीशी पलंगावर होते. खांदे अजून रुंद होते, त्यांच्याखाली चादर मात्र सपाट पडलेली होती. उशीजवळ फोन उभा करून ठेवला होता.

"ये काटेवाल्या, बस. अगं, चहा टाक," त्यांनी सुनेला आत आवाज दिला. मग काकांचं मनगट धरलं. हात अजून लोखंडासारखा होता. "वहिनी गेल्या, मला यायला जमलं नाही. काय करणार, हे असं."

"असू द्या."

"आता मला एक सांग. हा म्हणतो, शंभर उचलले. फोनमध्ये दिसतं, पण फोनमध्ये काय, हत्तीपण उडतो. माझा याच्यावर विश्वास नाही. तुझ्यावर आहे. गोदामात मालक, गिऱ्हाईक, हमाल सगळे एकमेकांना चोर म्हणायचे, पण तुला कुणी म्हटलं नाही. तू सांग. क्विंटल होता?"

शिंपी दारात उभा होता. हातात गळ्यातली मापाची फीत गुंडाळत होता, सोडत होता. त्याने काकांकडे बघितलं.

काकांनी खरंच प्रयत्न केला. शंभर, एवढाच शब्द. तो त्यांच्या तोंडात आला, जिभेवर बसला. मुकादम मनगट धरून बघत होते.

"नव्वद चारशे," काका म्हणाले. "प्लेटा खोट्या होत्या."

मुकादम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, सून पाणी घेऊन धावली. "वाटलंच मला! अरे, हे ध्यान आणि क्विंटल! दहा किलो खाल्ले की रे सुईदोऱ्या! मी शेजारच्यांना बोलावून दाखवला, नाक कापलंस माझं."

शिंप्याने फीत गुंडाळली आणि खिशात ठेवली. त्याच्या तोंडाकडे बघून काकांना काहीतरी करावंसं वाटलं. त्यांच्याकडे देण्यासारखं एकच होतं, आणि ते त्यांनी दिलं. त्यांना वाटलं, याने दोन्ही पारडी सारखी होतील.

"मुकादम, असं हसू नका त्याला. तुमच्या गोदामाचा मोठा काटा मी दुरुस्त केला होता. तुम्ही काम सोडलंत त्याच्या पुढच्या वर्षी."

"मग?"

"तो आठ किलो जास्त दाखवत होता. मालकाने मुद्दाम ठेवला होता तसा. तुमच्या क्विंटलच्या पोत्यात ब्याण्णवच भरायचे. म्हणजे तुमचे ब्याण्णव, याचे नव्वद चारशे. एक किलो सहाशेचा फरक. एवढंच."

मुकादमांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, नुसतं तोंडावर. खोलीत चहाचं आधण उकळल्याचा आवाज येत होता.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"स्क्रूवर रंगाचे थर होते. पंधरा-वीस तरी."

"मी एकोणीस वर्षं वाहिली."

आता बोलायचं नाही, एवढं काकांना कळलं, पण उशिरा.

मुकादमांनी त्यांचं मनगट सोडलं. चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग तोंड खिडकीकडे वळवलं आणि सुनेला म्हणाले, "तो फोन घेऊन जा इथून."

चहा आला नाही. शिंपी काकांना दुकानापर्यंत सोडायला आला. शिवायला आलेले कपडे दोन्ही बाजूंना टांगलेले होते, त्यांच्यामधून वाट काढत दोघं दाराशी आले.

"मी तुमच्याकडे एक आकडा मागितला होता," शिंपी म्हणाला.

"खोटा."

"हो, खोटा. तो नाही दिलात तर नाही दिलात. माझे नव्वद तर नव्वद. पण तुम्ही त्यांचेपण घेतलेत." तो ओरडत नव्हता. गिऱ्हाइकाला कापड कमी पडतंय सांगावं तसं सांगत होता. "त्यांच्याकडे तेवढंच होतं, काका. पाय नाहीत, काम नाही, मला शिव्या द्यायला तेवढं एकच होतं. आता मला काय म्हणतील ते?"

"मला वाटलं, तुझी बाजू..."

"तुम्ही यापुढे येऊ नका आमच्याकडे."

काका चार दिवस घरात बसले. पाचव्या दिवशी मुलीचा फोन आला आणि ते पुन्हा जायला लागले. भोंग्याने त्यांना आल्या आल्या मिठी मारली. "काका, तुमच्यामुळे माझे चारशे ग्रॅम वाढले!" म्हणाला. आता तो दर रविवारी सगळ्यांसमोर काकांकडून आपली वजनं मोजून घ्यायचा आणि मगच उचलायचा.

शिंपी आला तो तीन आठवड्यांनी. दाढी वाढलेली. तो कुणाशी बोलला नाही. बाकावर झोपून पंचावन्न किलोचे सेट मारायला लागला. काकांची पाळी त्याच बाकावर होती. ते टॉवेल घेऊन समोर उभे राहिले. सेट संपला, शिंपी उठून बसला आणि फोन काढून बघायला लागला. बराच वेळ गेला.

"तुझं झालं का?" काकांनी विचारलं.

शिंप्याने मान वर केली नाही. दोन बोटं दाखवली.

काका उभे राहिले. "बाबा कसे आहेत?"

"आहेत."

"बोलतात का?"

"नाही," शिंपी म्हणाला. "सुईदोरापण म्हणत नाहीत."

मग तो उठला, फोन खिशात टाकला आणि चालू पडला. बाकावर घाम तसाच. बारवर प्लेटा तशाच, जुन्या दोन काळ्या. दारातून बाहेर जाताना त्याने मागे वळूनही बघितलं नाही.

काकांनी पिवळ्या टॉवेलने बाक पुसला. मग एका बाजूची प्लेट काढून छातीशी धरली, दुसऱ्या बाजूची काढायला गेले. सरांनी मध्यंतरी त्या काळ्या प्लेटांवरचा वीसचा आकडा खरवडून पांढऱ्या रंगाने नवा घातला होता. चारही प्लेटांवर सतरा पाचशे.

काकांनी दोन्ही प्लेटा हातात तोलल्या. मग जाऊन उरलेल्या दोनही तोलून बघितल्या. चारातल्या एकीवरचा आकडा तेवढा बरोबर होता. ते सरांना सांगायला निघाले.